गोष्टींचं वेड आणि माणसांचं काम: विट्याच्या एका मुलीला उत्तर

तू विट्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, विषय मराठी. लहानपणी आजीच्या गोष्टी, मग वाचनालयातली पुस्तकं, सप्ताहातलं कीर्तन, जत्रेतला तमाशा, जे हाती लागेल ते तू वाचलंस आणि कानावर पडेल ते ऐकलंस. आता तुला माणसांमध्ये राहून करायचं काम हवंय, समाजकार्य किंवा समुपदेशन असं काहीतरी. वडील म्हणतात, स्पर्धा परीक्षा दे नाहीतर बी.एड. कर. मामा म्हणतात, गोष्टी वाचून पोट भरत नाही. आणि तू विचारतेस, "माझ्या या वेडाचा अशा नोकरीत खरंच उपयोग आहे, की मी स्वतःची समजूत घालतेय?"

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. मी सांगली-मिरज भागात रुग्णालयांमध्ये वैद्यकीय समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम केलं. आता एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, मुलामुलींचं क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन शिकायचं काम, बघते. त्यामुळे तुझ्यासारखी गोष्टीवेडी मुलं दरवर्षी भेटतात. काही फार चांगली तयार होतात, काही वर्षभरात दमून निघून जातात. वेड दोघांकडेही सारखंच असतं. म्हणून नुसतं "हो, उपयोग आहे" म्हटलं तर तुला अर्धंच उत्तर मिळेल. तुझा खरा प्रश्न मला असा दिसतो: या वेडातलं काय कामात घेऊन जायचं आणि काय वॉर्डाच्या दाराबाहेर ठेवायचं? त्याचंच उत्तर देते. उदाहरणं माझ्या कामातली आहेत, पण माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत.

आधी काय घेऊन जायचं ते सांगते.

आमच्याकडे आजी गोष्ट सांगायची तेव्हा एकच अट असायची, हुंकार द्यायचा. दिवा मालवलेला, सगळी वाकळेत शिरलेली, आणि कुणीतरी एकानं "हं… हं…" म्हणत राहायचं. हुंकार थांबला की आजी थांबायची. "झोपलीस व्हय गं?" तुमच्या खानापूरकडेही हे असणारच. वरवर ही पोरांना जागं ठेवायची युक्ती वाटते, पण त्यात एक मोठं शिक्षण होतं. आपला शब्द मध्ये न घालता, मी इथं आहे, ऐकतेय, पुढं सांग, एवढं त्या हुंकारातून कळवायचं. भीतीच्या जागी तो आपोआप हलका व्हायचा, दुःखाच्या जागी लांबायचा. समुपदेशनाच्या वर्गात याला सक्रिय श्रवण म्हणतात आणि तो घटक नीट शिकवावा लागतो. गोष्टीच्या घरातून आलेल्या मुलांच्या कानात तो आधीच असतो.

पण गंमत बघ, क्षेत्रकार्याच्या पहिल्या महिन्यात हीच मुलं तो हुंकार विसरतात, कारण हातात फॉर्म येतो. नाव, वय, पत्ता, कुटुंबात किती जण, उत्पन्न किती, शिधापत्रिका पिवळी की केशरी. समोरची बाई "मालक गेल्यापासनं" असं म्हणून थांबते, आणि आपला विद्यार्थी पुढच्या रकान्यावर जातो, "शेती किती गुंठे?" मी मुलांना सांगते, पहिली दहा मिनिटं फॉर्म पिशवीत. निम्मे रकाने बोलता बोलता भरून निघतात, आणि जे निघत नाहीत ते नंतर विचारले तर कुणी रागावत नाही.

गोष्ट ऐकणाऱ्या पोरांची दुसरी सवय म्हणजे ती "मग?" विचारतात. मोठी माणसं "का?" विचारतात. रुग्णालयात हा फरक फार मोठा पडतो, एका रुग्णावरून सांगते.

तुमच्याच भागातला एक गलाईवाला मुलगा होता. तुला माहीतच आहे, खानापूर-आटपाडीकडची कितीतरी पोरं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे धातू वितळवून शुद्ध करायच्या कामाला, देशभर जातात. हा दक्षिणेत कुठंतरी एका शेठच्या दुकानात होता. टीबी निघाला, औषध सुरू झालं, मध्येच त्यानं ते सोडलं. सणाला गावी आला तेव्हा खोकला परत सुरू झालेला, वजन घटलेलं. साध्या टीबीचं औषध सहा महिने घ्यायचं असतं, पहिले दोन महिने एक संच आणि पुढचे चार महिने दुसरा. मध्ये सोडलं की जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असते. ओपीडीत त्याला विचारलं, "गोळ्या का सोडल्या?" तो म्हणाला, "बरं वाटलं म्हणून." हे उत्तर इतक्यांदा मिळतं की पुढं कुणी विचारत नाही. केसपेपरवर शेरा आला: रुग्ण सहकार्य करत नाही.

माझ्याकडे पाठवल्यावर मी गोळ्यांचा विषय काढलाच नाही. म्हटलं, "दुकानावर तुझा दिवस कसा जातो ते उठल्यापासून सांग."

"पाचला उठतो. वर माळ्यावर सात जण झोपतो. संडास-बाथरूम एकच हाय, खाली. तिथं नंबर लागतो."

"मग?"

"मग गोळी घेतो. घेत हुतो." जरा थांबला. "गोळी घेतल्यावर लघवी लाल हुती, मॅडम. नंबरात मागं पोरं उभी असत्यात. पाणी कितीबी टाकलं तरी दिसतंय की."

एवढंच होतं सगळं. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळे लघवीला लालसर-नारिंगी रंग येतो. त्यानं अपाय होत नाही. सुरुवातीला कुणीतरी त्याला हे सांगितलंही होतं. पण प्रश्न अपायाचा नव्हताच. सात जणांच्या माळ्यावर आपला आजार उघडा पडेल आणि शेठ घरी पाठवेल, याची त्याला भीती होती. "का?" ला माणूस कारण देतो, आणि कारण देताना स्वतःला सावरून घेतो. "मग?" ला तो घडलेलं सांगतो. घडलेलं सांगताना लाज असलेली जागा आपोआप रस्त्यात येते. पुढं त्यानं उपचार संपेपर्यंत गावीच राहायचं ठरवलं, त्याची नोंद गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वळवून घेतली. ठरवलं त्यानं. मी रंगाचं परत समजावलं, दुकानातल्या चुलत भावाला कसं सांगता येईल यावर त्याच्याशी बोलले, आणि कागदांचं बघितलं.

तिसरी गोष्ट म्हणजे उलटसुलट क्रम सोसण्याची ताकद. माणसं, विशेषतः म्हातारी माणसं, आजार सांगताना तारखेनं सांगत नाहीत. "पोट कधीपासून दुखतंय आज्जी?" तर आज्जी बाहत्तरच्या दुष्काळापासून सुरू करतात. थोरला तेव्हा पोटात, खडी फोडायला जायच्या, सुकडीवर दिवस काढले. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना हे ऐकायला वेळ नसतो, आणि त्यासाठी त्यांना दोष देऊन उपयोग नाही. हे सगळीकडचं आहे. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचं पहिलं बोलणं सरासरी १८ सेकंदांत मध्येच तोडल्याचं दिसलं होतं. आमचं काम अशा वेळी दोन्हीकडचं असतं. आज्जींचा दुष्काळ ऐकायचा, त्यातून "दुखणं जुनं आहे, पण उलटीतून रक्त दिवाळीपासून" एवढं वेचायचं, आणि केसपेपरवर दोन ओळींत लिहायचं. गोष्टी खूप वाचलेल्या माणसाला कुठला धागा पुढं कामाचा आहे याचा अंदाज येतो. पण दोन ओळींत लिहिणं वेगळं शिकावं लागतं. आमच्या मराठीच्या विद्यार्थ्यांचे अहवाल सुरुवातीला लांबलचक असतात आणि डॉक्टर ते वाचत नाहीत. या बाबतीत मी फार कडक आहे. राऊंडला उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात वाचून होईल एवढंच लिहायचं.

आता जे बाहेर ठेवायचं त्याच्याकडे येते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं इथं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोष्टीवेड्या माणसाच्या डोक्यात तयार गोष्टींचा साठा असतो. समोर दोन धागे दिसले की उरलेलं वस्त्र तो स्वतःच विणतो. एकदा आमच्याकडे एक विद्यार्थिनी होती, वाचन अफाट, लिहायची सुंदर. तिच्या वॉर्डात तासगाव तालुक्यातले एक तात्या खुब्याचं हाड मोडून दाखल झाले होते. बायको नाही, एकुलता एक मुलगा. पहिल्या दिवशी दाखल करून गेला तो परत फिरकलाच नाही. जेवणाचा डबा शेजारच्या खाटेवाल्यांच्या डब्यातून. हिनं अहवालात लिहिलं, मुलगा बेजबाबदार, वृद्ध पित्याची परवड, वृद्धाश्रमाचा विचार करावा. वाचताना डोळ्यांत पाणी येईल असा अहवाल.

मी तिला एवढंच विचारलं की तात्या स्वतः काय म्हणाले? ती म्हणाली, ते फारसं बोलत नाहीत, दुखावलेले वाटतात. मग आम्ही दोघी जाऊन बसलो. द्राक्षाचा विषय काढल्यावर तात्या उठून बसायच्या बेतात आले. फळछाटणी होऊन घड बाहेर पडलेले, डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं काम, सुरू. "त्यो येतू म्हणत हुता. म्याच म्हनलं, हितं येऊन काय माझं पाय दाबणार हायस? औंदा डिपिंगचा दिवस चुकला तर वरीस गेलं." आणि उशाखालून मोबाईल काढून त्यांनी आम्हाला बागेचा व्हिडिओ दाखवला. मुलगा रोज रात्री पाठवायचा. ओळीनं ओळ घड दाखवत चाललेला, मागून त्याचाच आवाज, "ह्या वळीला उद्या करतू, तात्या." त्या माणसाला मुलाचा अभिमान होता. त्याला वृद्धाश्रमाची नाही, डब्याची आणि अंघोळ घालायला माणसाची गरज होती. आठवडाभराची सोय करून प्रश्न सुटला.

त्या मुलीनं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मुलगा येत नव्हता, हे खरंच होतं. पण "नालायक मुलगा आणि बिचारा बाप" ही गोष्ट तिच्याकडे आधीपासून तयार होती आणि तात्या त्यात बसवले गेले. आमच्या कामात अशा तयार गोष्टी पुष्कळ फिरतात. छळणारी सासू, दारुडा नवरा, अडाणी रुग्ण, मग्रूर डॉक्टर. त्या खऱ्याही असतात, म्हणून तर जास्त फसवतात. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांसाठी नियम आहे: ज्याला तू वाईट ठरवलंयस त्याला भेटल्याशिवाय अहवाल द्यायचा नाही. भेट शक्य नसेल तर "भेट झाली नाही" असं स्पष्ट लिहायचं.

नाटकातली मुलं हे लवकर शिकतात, असं मी बघितलंय. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच नाटक उभं केलं, त्यामुळे एकांकिका केलेली मुलं आमच्याकडे बरीच येतात. वाईट माणसाची भूमिका करायची तर त्याचं म्हणणं त्याच्या बाजूनं पटवून घ्यावं लागतं. तुझ्या कॉलेजात नाटकाचा गट असेल तर या वर्षी त्यात घुस. आणि वाचतानाही लक्ष ठेव. सगळा चांगुलपणा एका बाजूला ठेवणाऱ्या गोष्टी वाचून या कामाची तयारी होत नाही. आपल्या जिल्ह्यात वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं असताना, गावकुसाबाहेरच्या माणसांना नायक केलं. समाज ज्यांच्यावरून नजर फिरवून पुढं जातो त्यांच्याकडे थांबून बघायची सवय अशा लेखनातून लागते, आणि बेवारस म्हणून दाखल झालेल्या रुग्णापाशी ती सवयच उपयोगी पडते.

दुसरी बाहेर ठेवायची गोष्ट म्हणजे गोष्टीची भूक. हे नाजूक आहे, पण बोललं पाहिजे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत असशील. आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. शाळा, मंगल कार्यालयं, जिथं जागा मिळेल तिथं माणसं राहत होती. मदतीला खूप मुलं आली, मनापासून आली. आणि त्यातली कितीतरी, विशेषतः हळवी आणि वाचणारी, एकेका बाईपाशी बसून विचारायची, "मावशी, काय काय झालं सांगा ना, मन मोकळं करा." त्याच बाईला आदल्या दिवशी पत्रकारांनी विचारलेलं असायचं. पुढं पंचनाम्याला तेच परत सांगायचं असायचं. दर वेळी घर परत बुडायचं.

आपत्तीनंतर लगेच माणसाला सगळं सांगायला लावू नये, हे आता जगभर मानलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसशास्त्रीय प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतही तेच आहे: जवळ राहा, गरजा विचारा, बोलावंसं वाटलं तर ऐका, पण दबाव आणू नका. त्या दिवसांत माणसांना हव्या होत्या चपला, रक्तदाबाची संपलेली गोळी, मोबाईल चार्ज करायला जागा, मुलगी कुठल्या शाळेत आहे त्याचा पत्ता. आम्ही मुलांना तेच काम दिलं. पाणी ओसरल्यावर घरी परतलेल्या एका बाईंकडे मी गेले होते. त्या मुलाचा दहावीचा दाखला वर्तमानपत्रात घालून वरून इस्त्री फिरवत होत्या. मी दुसरा ओला कागद सोडवायला घेतला. बराच वेळ आम्ही फक्त कागद वाळवत होतो. मग त्यांनी आपणहून म्हशीचं सांगितलं. दावं सोडायला वेळ मिळाला नव्हता. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं का, मला वाटत नाही. आणि सांगितलं असतं तर ते माझ्यासाठी सांगितलं असतं.

तुला कुणाचं दुःख ऐकताना आत कुठंतरी "काय विलक्षण गोष्ट आहे" असं वाटलं तर घाबरू नकोस, वाचणाऱ्या माणसाला ते वाटतंच. पण त्या क्षणी आपण कुणासाठी विचारतोय ते स्वतःला विचार. आणि ती गोष्ट त्या माणसाची आहे. घरी, मैत्रिणीत, स्टेटसवर ती जाता कामा नये. या बाबतीत सूट नाही.

तू असंही लिहिलंयस की कथा वाचल्यानं दुसऱ्याचं मन कळतं असं संशोधन आहे म्हणे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात असा एक अभ्यास आला आणि त्याची फार चर्चा झाली. साहित्यिक कथेचा तुकडा वाचल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत लोकांना दुसऱ्याच्या भावना थोड्या जास्त ओळखता आल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढं इतर संशोधकांनी तेच परत करून पाहिलं तेव्हा तो परिणाम पुन्हा नीट दिसला नाही. त्यामुळे वडिलांना पटवायला तो पुरावा वापरू नकोस. आमचा अनुभव एवढंच सांगतो की वाचनानं माणसाबद्दल कुतूहल तयार होतं. ते कुतूहल समोरच्याच्या कामी लावायचं की स्वतःच्या, हे शिकवावं लागतं, आणि ते शिकता येतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिलं, तुला गोष्ट ऐकायला जास्त आवडते की सांगायला? सांगायला जास्त आवडत असेल तर शिक्षकी पेशा, आकाशवाणी, पत्रकारिता, आरोग्य शिक्षण हेही माणसांचंच काम आहे आणि वडिलांचा बी.एड.चा सल्ला मग अजिबात वाईट नाही. दुसरं, घरची ओढाताण किती आहे? या क्षेत्रात बऱ्याच जागा कंत्राटी असतात, पगार उशिरा होतात, प्रकल्प संपला की नोकरीही संपते. घर तुझ्याच पगारावर लगेच चालणार असेल तर हे डोळे उघडे ठेवून बघ. तिसरं, दुःख रोज बघून तुला रात्री झोप लागते का? हे आधी कळत नाही, क्षेत्रकार्यात कळतं. आणि नाही जमलं तर बाहेर पडण्यात कमीपणा नाही.

कागदांचाही विचार कर. निम्मं काम कागदांचं आहे. शिधापत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया अडते. मग आरोग्यमित्राशी, म्हणजे रुग्णालयात या योजनेचं बघणाऱ्या माणसाशी, बोला, तहसीलला माणूस पाठवा, प्रतिज्ञापत्र करा. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० ची १००० रुपये झाली, पण बँक खातं बंद पडलेलं असेल तर ती येणार कुठून? गलाईवाल्या पोराची गोष्ट ऐकली आणि नोंद वळवली नाही, तर ऐकून काय झालं? ज्यांना गोष्ट आवडते पण फॉर्मचा कंटाळा येतो त्यांनी इथं येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिक्षणाचं थोडक्यात. मराठी सोडून मानसशास्त्र घ्यायची गरज नाही. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं असतं आणि कुठल्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. तुला जवळ म्हणजे साताऱ्याला जकातवाडीचं यशवंतराव चव्हाण समाजकार्य महाविद्यालय आहे. पुण्याला कर्वे समाजसेवा संस्था आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासूनची, तिथं स्पर्धा मोठी, पण प्रयत्न जरूर कर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर मात्र रस्ता वेगळा आहे. त्याला मानसशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण, त्यापुढचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या ऑनलाईन प्रमाणपत्रावर "समुपदेशक" पाटी लावणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. एमएसडब्ल्यू झाल्यावर वैद्यकीय महाविद्यालयांत समाजसेवा अधीक्षक, एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक, महिलांसाठीची समुपदेशन केंद्रं, बालसंरक्षण कक्ष, अवयवदान समन्वयक, कारखान्यांत कामगार कल्याणाचं काम अशा वाटा असतात. फोनवरून ऐकण्याचंही काम आहे. १४४१६ ही टेलि-मानस हेल्पलाईन २०२२ मध्ये सुरू झाली, तिथं प्रशिक्षित समुपदेशक लागतात.

आणि कानडी शीक. हा सल्ला कुठल्या माहितीपत्रकात नसतो. मिरजेला कर्नाटकातले रुग्ण रोज येतात, जतच्या पूर्व भागातल्या कितीतरी बायकांना कानडीच मोकळेपणानं बोलता येतं. "ऊट आयता?", म्हणजे जेवलात का, एवढं त्यांच्या भाषेत विचारलं तरी चेहरा बदलतो.

मे महिन्याच्या सुट्टीत एक कर. तुमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना रीतसर अर्ज देऊन काही आठवडे मदतनीस म्हणून बसायची परवानगी माग. केसपेपरच्या खिडकीशी लोकांना फॉर्म भरून दे, वॉर्ड दाखव, नातेवाईकांशी बोल. रोज संध्याकाळी वहीत कुणाचंही नाव न घालता दोन गोष्टी लिही: आज मी काय ऐकलं, आणि त्यात माझ्या मनानं काय भर घातली. दुसरा रकाना रोज रिकामा दिसायला लागला तर नीट ऐकत नाहीयेस असं समज, कारण भर प्रत्येक जण घालतोच. तो भरत जातोय आणि तुला तो दिसतोय, एवढं झालं तर तू या कामाला तयार होऊ शकतेस.

वडिलांशी वाद घालू नकोस. त्यांची काळजी पगाराची आणि तुझ्या सुरक्षिततेची असणार, आणि दोन्ही रास्त आहेत. अर्ज भरायच्या आधी त्यांना एकदा जकातवाडीला घेऊन जा. विट्याहून एसटीनं सकाळी निघालात तर संध्याकाळी परत येता येतं. तिथल्या शिक्षकांना त्यांनाच विचारू दे: गेल्या काही वर्षांतली मुलं कुठं लागली, मुलींना क्षेत्रकार्याला कुठं पाठवता, वसतिगृह आहे का, महाडीबीटीची, म्हणजे सरकारी पोर्टलवरची, शिष्यवृत्ती बसते का. तू शेजारी बस आणि त्यांचे प्रश्न ऐक. मामांनाही यायचं असेल तर येऊ दे.